ई-मेलची यादी साफ करताना नाव कोणाचं काढायचं?

गेल्या सप्टेंबरमध्ये शाळेच्या गेटपाशी एक मुलगी भेटली. आमच्याच शाळेतून दहावी झालेली, आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "मॅडम, या वर्षी स्कॉलरशिपचा मेल आलाच नाही. बंद झाली का?"

बंद झाली नव्हती. आमच्या गावातली काही मंडळी मिळून दरवर्षी गरजू मुलांच्या फीसाठी पैसे गोळा करतात. त्याचे अर्ज जूनमध्ये मागवले होते आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मुदतही संपली होती. घरी येऊन लॅपटॉप उघडला. तिचं नाव यादीत नव्हतं. मार्चपर्यंत होतं. मार्चमध्ये ते काढलं गेलं, आणि काढणारी मीच होते.

झालं असं होतं की समितीत कॉम्प्युटर बऱ्यापैकी येणारी मी एकटी, म्हणून मेल पाठवायचं काम माझ्याकडे आलं. सात-आठ वर्षांची जुनी यादी, हजाराच्या वर पत्ते. मेल पाठवला की ढिगानं परत यायचे. कुठंतरी वाचलं की सहा महिने मेल न उघडणाऱ्यांना सरळ काढून टाकावं. एका रविवारी दुपारी बसले आणि तीनशेच्या आसपास नावं उडवली. यादी हलकी झाली, मलाही हलकं वाटलं. त्या मुलीची त्या वर्षीची फी तिच्या मामूंनी उसने पैसे आणून भरली, हे मला नंतर कळलं.

यादी साफ करणं चुकीचं नव्हतं. माझी रीत चुकीची होती. त्यानंतरच्या महिन्यांत जे वाचलं, विचारलं, करून पाहिलं ते इथे लिहिते आहे. माजी विद्यार्थ्यांचा गट, मस्जिदची इंतजामिया कमिटी, रक्तदात्यांची नोंद ठेवणारे, छोटे कोचिंग क्लासवाले, अशा ज्यांच्याजवळ लोकांच्या ई-मेल पत्त्यांची यादी आहे त्या सगळ्यांच्या हे कामाचं आहे.

यादी तशीच का ठेवू नये

आधी हा प्रश्न. मेलला तिकीट लागत नाही. मग हजार पत्त्यांना पाठवला आणि दोनशे परत आले तर बिघडलं काय?

बिघडतं ते उरलेल्या आठशेंचं. मेल स्वीकारणाऱ्या कंपन्या, म्हणजे गुगल, याहू, मायक्रोसॉफ्ट, पाठवणाऱ्याची वागणूक बघत असतात. बंद पत्त्यांवर सतत मेल टाकणारा, ज्याचे मेल लोक 'स्पॅम' म्हणून बाजूला सारतात, असा माणूस त्यांच्या दृष्टीनं संशयित. मग त्याचे चांगले मेलसुद्धा स्पॅमच्या कप्प्यात जाऊ लागतात. ज्याला स्कॉलरशिपची खरोखर गरज आहे त्याच्याही घरी.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूनं याबाबत नियम कडक केले. दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही ओळखी लावाव्या लागतात. जाहिरातवजा किंवा वर्गणीदारांना जाणाऱ्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढता येईल अशी सोय द्यावी लागते. आपण काही रोज पाच हजार पाठवत नाही. पण एक नियम लहान-मोठ्या सगळ्यांना आहे: स्पॅम म्हणून तक्रार होण्याचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली हवं. हजार मेलमागे तीन माणसांनी वैतागून 'स्पॅम'चं बटण दाबलं की आपण त्या रेषेवर पोचलो. आमच्यासारख्या यादीत तीन वैतागलेली माणसं सहज निघतात. मुलगा शिकून दुबईला गेला, लग्न झालं, तरी आपला 'अर्ज भरा' मेल दरवर्षी जातोच आहे.

साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० च्या आसपास पत्त्यांनाच मेल पाठवता येतो, हीसुद्धा अडचण. मेलेले पत्ते त्या पाचशेमधली जागा खातात.

पुसायचं नाही, बाजूला ठेवायचं

माझी पहिली चूक म्हणजे मी ओळीच्या ओळी डिलीट केल्या. जुनी प्रत माझ्याकडे होती ती केवळ नशिबानं. एका सरांनी ती पेन ड्राइव्हवर ठेवली होती.

आता मी आधी पूर्ण फाईलची प्रत काढते, तिच्या नावात तारीख टाकते आणि तिला हात लावत नाही. मग कामाच्या फाईलमध्ये दोन रकाने वाढवते. एकात 'स्थिती' लिहायची: चालू, परत आला, नको म्हणाले, विचारायचं आहे. दुसऱ्यात कारण आणि तारीख. "१२ जाने., फोन लागला नाही" एवढंसुद्धा पुरतं. नाव पुसलं जात नाही, फक्त त्या पत्त्यावर मेल जात नाही.

'नको' म्हणणाऱ्यांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. वाटतं की नको म्हणाले तर पुसून टाकू, विषय संपला. पण पुढच्या वर्षी कुणीतरी जुनं रजिस्टर काढून पत्ते पुन्हा टाईप करतं आणि त्या माणसाला परत मेल जातो. तो चिडणारच. म्हणून 'यांना पाठवायचं नाही' अशी छोटी यादी कायम जपावी लागते. त्यात बाकी माहिती ठेवायची नाही, फक्त पत्ता.

परत आलेला मेल वाचायला शिका

मेल परत येतो तेव्हा 'मेलर डीमन' नावानं एक इंग्रजी चिठ्ठी येते. बहुतेक जण ती न वाचताच उडवतात. मीही उडवत होते. त्या चिठ्ठीत एक आकडा असतो आणि सगळं उत्तर त्यात आहे.

५५० आणि त्यापुढे ५.१.१ असं असेल तर तो पत्ताच अस्तित्वात नाही. एक तर टाईप करताना चुकला आहे किंवा खातं बंद झालं आहे. पुन्हा पाठवू नका.

४ नं सुरू होणारा आकडा असेल तर अडचण तात्पुरती आहे. त्यातला ४.२.२ आमच्याकडे फार येतो. अर्थ असा की मेलपेटी भरली आहे. याचं कारण शोधताना मजा वाटली आणि वाईटही वाटलं. गुगल फुकटात १५ जीबी जागा देतं, आणि ती मेल, फोटो आणि ड्राइव्ह सगळ्यांत मिळून एकच. २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा त्याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. घरातल्या सगळ्या लग्नांचे व्हिडिओ, रोजचे 'सुबह बख़ैर'चे फोटो, सगळं त्यात. जागा संपली की नवीन मेल येणं बंद. अम्मीला पत्ता नसतो की मेल बंद आहे, कारण व्हॉट्सॲप तर चालू आहे. अशा पत्त्याला काढायचं नसतं, त्या घरी फोन करायचा असतो. मी असे काही फोन केले. बॅकअपमधून व्हिडिओ वगळायला सांगितलं, तेवढ्यानं मेल चालू झाले. कधी कधी भरलेल्या पेटीसाठी ५.२.२ असाही आकडा येतो. सुरुवातीला पाच असला तरी कारण तेच.

आणि ५.७ नं सुरू होणारा आकडा दिसला तर समोरच्याचा काही दोष नाही, दोष आपला आहे. आपली ओळख पटली नाही किंवा आपल्यावर संशय आहे म्हणून मेल नाकारला. मार्चमध्ये मी असेही काही पत्ते उडवले होते. म्हणजे कागदपत्र माझे अपुरे आणि नाव कापलं मुलांचं.

आणखी एक. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गुगलनं डिसेंबर २०२३ पासून बंद करायला सुरुवात केली. आपल्याकडे कितीतरी मुलांची खाती फक्त ऑनलाईन फॉर्म भरायला काढलेली असतात. फॉर्म भरला, पासवर्ड विसरला, खातं पडून. २०१९ किंवा २०२० च्या आमच्या यादीत ५.१.१ चा ढीग का होता, ते हे वाचल्यावर उमगलं. ही मुलं कुठे गेली नाहीत. पत्ता गेला, मूल गावातच आहे.

याहूचे फार जुने पत्ते असतील तर जास्त सावध राहा. याहूनं २०१३ मध्ये वर्षभराहून अधिक काळ न वापरलेली नावं मोकळी करून दुसऱ्यांना दिली होती. म्हणजे मेल परत येत नाही, पण वाचणारा भलताच कुणी असू शकतो. उत्पन्नाचा दाखला, बँक खात्याचा उल्लेख असलेला मेल अशा पत्त्यावर जाणं बरोबर नाही. शिवाय काही सोडून दिलेले पत्ते स्पॅम पकडण्यासाठी सापळा म्हणूनही वापरले जातात. वर्षानुवर्षं कुणी उत्तर न दिलेल्या पत्त्यावर मेल टाकत राहिलं की आपण त्यात अडकतो.

अक्षरांच्या चुका

आमचे अर्ज कागदावर येतात, हातानं लिहिलेले. बरेचसे उर्दूत, काही मराठीत, पण ई-मेलचा रकाना इंग्रजीत. आता त्या रकान्यात पालकांनी काय लिहिलंय ते वाचायचं म्हणजे जुन्या सातबाऱ्यावरचं अक्षर लावण्यासारखं. शून्य की ओ, एक की एल. खालची आडवी रेघ, अंडरस्कोअर, ती तर फॉर्मच्या छापील रेघेवर दिसतच नाही. 'जीमेल'चं स्पेलिंग उलटसुलट, 'कॉम'च्या जागी 'कॉन'. शेवटी मोकळी जागा राहिली किंवा पूर्णविराम पडला तरी मेल जात नाही.

यातल्या 'कॉन'चं 'कॉम' करायला हरकत नाही, तिथे शंका नाही. पण नावाच्या भागात अंदाज लावू नका. मी एका पत्त्यात एल असेल असं धरून दुरुस्ती केली. मेल गेला, परत आला नाही. मी खूश. दोन दिवसांनी पुण्याहून एका अनोळखी गृहस्थांचं उत्तर आलं की मला कुणी मूल नाही, हे काय आहे? तेव्हापासून कागदाशी ताडून बघते. तरीही कळलं नाही तर फोन.

जीमेलच्या बाबतीत एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा. नावातला टिंब असला काय नि नसला काय, पत्ता एकच. लहान-मोठी अक्षरंही सारखीच. त्यामुळे वेगळे दिसणारे दोन जीमेल पत्ते कधी कधी एकाच माणसाचे असतात. हा नियम जीमेलचा आहे, इतर कंपन्यांना तो तसाच लावू नका.

या वर्षीच्या अर्जावर आम्ही ई-मेलसाठी चौकटी छापल्या, एका चौकटीत एक अक्षर. बँकेच्या फॉर्मवर असतात तशा. चुका लगेच कमी झाल्या.

एकच पत्ता, एकोणीस मुलं

सगळ्यात मोठा घोटाळा 'डुप्लिकेट काढा' या बटणानं होतो. एक्सेलमध्ये, गुगल शीटमध्ये हे बटण आहे. ई-मेलचा रकाना निवडायचा, दाबायचं, आणि एकाच पत्त्याच्या दहा ओळी असतील तर एक राहते, नऊ जातात.

आमच्या यादीत एक पत्ता एकोणीस मुलांच्या नावापुढे होता. आधी वाटलं टाईप करणाऱ्यानं ओढून खाली चिकटवला असेल. नंतर कळलं की तो बाजारातल्या एका सायबर कॅफेवाल्याचा आहे. मुलं फॉर्म भरायला जातात, स्वतःचा मेल नसतो, मग तो बिचारा स्वतःचाच टाकतो. त्याचा हेतू वाईट नाही, ओटीपी लवकर येतो, गिऱ्हाईक लवकर सुटतं. पण नंतर येणारी प्रत्येक सूचना त्याच्या पेटीत जाते आणि एकोणीस घरांत कुणाला काही कळत नाही. ते बटण दाबलं असतं तर अठरा मुलं यादीतूनही गेली असती.

घरातल्या सामाईक पत्त्याचंही तेच. अब्बांचा एक मेल, त्यावर तीन भावंडं. एक दहावीत, एक बारावीत, एक आयटीआयला. तिघांना लागणाऱ्या सूचना वेगळ्या. म्हणून यादीत एक ओळ म्हणजे एक विद्यार्थी, एक पत्ता नव्हे. एकच मेल दोनदा जाऊ नये ही काळजी पाठवताना घ्यायची, मूळ यादीत नाही.

नावावरून तर जोड्या लावूच नका. आपली नावं इंग्रजीत कशी लिहिली जातात ते शिक्षकाला विचारा! 'शेख' हे आडनाव आमच्या जनरल रजिस्टरला तीन-चार स्पेलिंगांनी आहे. 'मोहम्मद' कुठे पूर्ण, कुठे नुसतं 'मोहद', कुठे 'एमडी'. आधार कार्डावर एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं. त्यामुळे एक मुलगा दोन ओळींत असू शकतो. आणि उलटही, एकाच वर्गात एकाच नावाची दोन मुलं, वडिलांचं नावही सारखं, हे मी स्वतः हजेरी घेताना अनुभवलंय. मुलींचं लग्नानंतर नाव बदलतं, कधी पत्ताही. अशा वेळी जन्मतारीख आणि रजिस्टर क्रमांक बघायचा, नाव शेवटी.

'उघडला नाही' म्हणजे वाचला नाही असं नव्हे

आता त्या नर्सिंगच्या मुलीकडे येते. मेल पाठवणाऱ्या सेवेनं मला सांगितलं होतं की तिनं वर्षभरात एकही मेल उघडला नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "वाचले ना मॅडम, मागच्या वर्षी त्यावरूनच तर फॉर्म भरला."

खोटं दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं. मेल उघडला की नाही हे कळण्यासाठी त्यात एक डोळ्याला न दिसणारं चिमुकलं चित्र घातलेलं असतं. मेल उघडल्यावर ते चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं, त्यावरून 'उघडला' अशी नोंद होते. ज्यानं चित्रं आपोआप दिसणं बंद ठेवलंय त्याच्याकडून ते मागवलंच जात नाही. तिनं नेट वाचवायला चित्रं बंद ठेवली होती. ती दर वेळी मेल पूर्ण वाचायची आणि माझ्या पडद्यावर शून्य दिसायचं.

उलटंही होतं. ॲपलनं सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोनच्या मेलमध्ये एक सोय आणली, त्यात ती चित्रं ॲपलचे सर्व्हर आधीच उतरवून घेतात. माणसानं मेल बघितलासुद्धा नसेल, तरी नोंद 'उघडला'. म्हणजे आयफोनवाला मुलगा मेल न वाचता यादीत राहिला आणि जुन्या फोनवर नेट वाचवत वाचणारी मुलगी गेली. गरज कोणाला होती ते सांगायला नको.

शिवाय सहा महिन्यांचा तो नियम दुकानदारीचा आहे. रोज ऑफर पाठवणाऱ्याला सहा महिन्यांत गिऱ्हाईक कळतं. आमची मुख्य सूचना वर्षातून एकदा, जूनमध्ये. ज्याला जूनमध्येच काम पडतं त्यानं डिसेंबरचा 'गुणवंतांचा सत्कार' मेल नाही उघडला तर त्यावरून काय ठरवणार? आपल्या कामाचा हंगाम बघून मुदत ठरवावी. आम्ही आता दोन पूर्ण हंगाम धरतो, आणि तेही फक्त 'विचारायचं आहे' या खुणेसाठी. त्यावरून नाव कापत नाही.

आधी विचारा

विचारायचं म्हणजे एक छोटं पत्र. आम्ही मराठी आणि उर्दू दोन्हींत पाठवलं. विषयाच्या ओळीत 'महत्त्वाची सूचना' वगैरे लिहिलं नाही, तसले मेल सगळ्यांना रोज येतात. लिहिलं ते असं:

"स्कॉलरशिपच्या सूचना चालू ठेवायच्या का? एक शब्द कळवा."

आणि आत: "अस्सलामु अलैकुम. तुमचा हा पत्ता २०२१ च्या अर्जातून आमच्याकडे आला. दरवर्षी जूनमध्ये आम्ही यावर अर्जाची सूचना पाठवतो. पुढेही हव्या असतील तर या मेलला फक्त 'हो' असं उत्तर द्या. नको असतील तर 'नको' लिहा, त्यानंतर एकही मेल येणार नाही, आणि पुढे कधी अर्ज करायचा झाला तर त्यावर काही परिणाम होणार नाही. पत्ता बदलला असेल तर नवा पत्ता आणि पाल्याचं नाव कळवा."

पत्ता कुठून मिळाला हे सांगणं जरूरीचं आहे. लोक विसरतात आणि अनोळखी मेल समजून स्पॅम दाबतात. 'परिणाम होणार नाही' हे वाक्य एका पालकांच्या सांगण्यावरून घातलं. ते म्हणाले, नको म्हटलं तर समिती नाराज होईल या भीतीनं लोक उत्तरच देत नाहीत. हे मला सुचलं नसतं.

एकदा पाठवलं, तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. वेळ जपून निवडली. रमजानचे शेवटचे दहा दिवस नको, बोर्डाच्या परीक्षेचे दिवस नकोत. दोन्ही वेळा गप्प राहिलेल्यांसाठी एसएमएस, फोन, आणि शिक्षकांकडचा हमखास मार्ग: त्याच घरातलं किंवा गल्लीतलं एखादं मूल वर्गात असतंच, त्याच्या वहीत चिठ्ठी.

तरीही ज्यांचा काहीच थांग लागला नाही त्यांना आम्ही वर्षातून एकदाच, जूनचा मेल पाठवणार. त्यालाही दोन वर्षं प्रतिसाद नाही आला तर मात्र थांबवणार. यादीत कायमचं पडून राहणं हेसुद्धा कुणाच्या भल्याचं नसतं.

या चौकशीत काही घरांतून कळलं की ज्यांच्या नावे पत्ता होता ते वारले. एका घरी तर इंतकालानंतर दोन वर्षं आमचा मेल मरहूम वडिलांच्या नावानं येत होता, 'जनाब' लावून. मुलानं कधी तक्रार केली नाही, फोनवर नुसतं सांगितलं. अशा ओळीची दुरुस्ती त्याच दिवशी करायची, पुढच्या सफाईची वाट बघायची नाही. आणि त्या घराला सूचना हव्यात का, कोणाच्या नावे, हे लगेच न विचारता थोड्या दिवसांनी विचारावं.

कोणाला काय पाठवायचं

सगळ्यांना सगळं पाठवलं की लोक काहीच वाचत नाहीत. आमच्या यादीत 'इयत्ता' असा रकाना होता. २०२१ मध्ये 'दहावी' लिहिलेला मुलगा आज पदवीधर होऊन बसलाय, यादीत अजून दहावीतच. आता इयत्तेऐवजी 'दहावीचं वर्ष' लिहितो. वर्ष शिळं होत नाही, त्यावरून आज मूल कुठे असेल ते काढता येतं.

सरकारी योजना बदलल्या की यादीही बदलावी लागते. केंद्राची अल्पसंख्याकांसाठीची प्री-मॅट्रिक स्कॉलरशिप आधी पहिली ते दहावीसाठी होती. २०२२-२३ पासून ती फक्त नववी-दहावीला राहिली. आम्ही मात्र चौथी-पाचवीच्या पालकांना 'अर्ज भरा' असा मेल पाठवत राहिलो. ते दाखले काढायला तहसील ऑफिसला रांगेत उभे राहिले, रोज बुडवून. चुकीचा माणूस यादीत असण्याची किंमत अशीही असते. पीएचडी करणाऱ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप त्याच वर्षी बंद झाली, तिच्या नावानं केलेला गटही आमच्याकडे अजून तसाच होता.

शिकून कमावते झालेल्यांकडून पुढे मदत मिळावी असं समितीतल्या काहींना वाटतं. वाटणं बरोबर आहे. पण स्कॉलरशिपसाठी दिलेला पत्ता परस्पर देणगीदारांच्या यादीत टाकणं बरोबर नाही. आधी विचारायचं, 'हो' आलं तर टाकायचं.

याहून नाजूक प्रसंग निवडणुकीच्या वेळी येतो. अशी यादी म्हणजे कोणत्या मोहल्ल्यात कोण राहतं, घरात शिकणारी मुलं किती, उत्पन्न किती, सगळं एका फाईलमध्ये. आमच्याकडे एकानं अगदी आपुलकीनं मागितली, "फक्त ईदच्या मुबारकबादसाठी." समितीतल्या दोघांना देण्यात गैर वाटलं नाही. बरीच चर्चा झाली, शेवटी दिली नाही. लोकांनी ही माहिती मुलांच्या फीसाठी दिलेली आहे, ती आपल्याकडे अमानत आहे, एवढंच माझं म्हणणं होतं.

कायदाही आता हेच सांगतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. माहिती ज्या कामासाठी घेतली ते सांगून संमती घ्यायची, संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं ठेवायचं, काम संपलं की माहिती पुसायची. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती असेल तर आई-वडिलांची किंवा पालकांची पडताळता येणारी संमती लागते. आमच्या यादीतली निम्म्याहून जास्त मुलं अठराच्या आतली आहेत, त्यामुळे अर्जावर पालकांच्या सहीची एक ओळ आता वाढवली आहे. जुन्या अर्जांबरोबर जोडलेले उत्पन्नाचे दाखले आणि आधारच्या प्रती लॅपटॉपमध्ये पडून होत्या, त्या पुसल्या. इथे मात्र मी बिनधास्त डिलीट दाबलं.

जाता जाता एक साधी गोष्ट, कारण ती अजूनही घडते. जीमेलवरून अनेकांना पाठवताना पत्ते 'टू' किंवा 'सीसी'मध्ये नाही, 'बीसीसी'मध्ये टाका. नाहीतर प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसतात, आणि कोणाकोणाला मदत लागते हे साऱ्या गावाला कळतं.

मार्चमध्ये उडवलेली नावं पेन ड्राइव्हवरच्या प्रतीतून परत घेतली. त्यातली निम्म्याच्या आसपास मुलं अजून शिकतायत. सायबर कॅफेवाल्या भाईंकडे जाऊन एकोणीसपैकी चौदा मुलांचे स्वतःचे पत्ते करून घेतले, पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर न लिहिता अम्मीजवळ ठेवायला सांगितले. पाच घरं राहिलीत, ती येत्या शनिवारी, शाळा सकाळची असते तेव्हा. नर्सिंगच्या त्या मुलीनं या वेळी जूनची वाट न बघता एप्रिलमध्येच फोन करून विचारलं, "मॅडम, माझं नाव आहे ना?"